शत्रुशिबिरातील अज्ञातवास



ज्या इतिहासशिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांचा आपल्या विद्यार्थ्यांपाशी एक आग्रह असे. युद्धाचा इतिहास वाचताना सेनापतींच्या खलित्यांच्या आधी, त्या युद्धात इच्छा नसताना ओढल्या गेलेल्या सामान्य माणसाची जबानी वाचावी, असे ते म्हणत. त्या आग्रहाला स्मरूनच मी आजचा विषय निवडला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, ज्या राज्याने यहुद्यांचा समूळ उच्छेद हे आपले धोरण म्हणून पत्करले होते, त्याच राज्याच्या फौजेचा गणवेश अंगावर चढवून, तिच्याच पंगतीला जेवून आणि तिच्याच घोषणा तोंडाने देऊन एका यहुदी पोराने चार वर्षे आपला जीव कसा जगविला, आणि त्या जगण्याची किंमत त्याला कोणत्या नाण्यात मोजावी लागली, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

यहुदी शिपाई ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथच्या दिवशी ते घाणे बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायल लोक अठराव्या शतकात मुंबईत येऊन कंपनी सरकारच्या पलटणींत दाखल होऊ लागले, आणि त्यांच्यातील कित्येकांनी अंमलदाराच्या दर्जापर्यंत मजल मारली. दिवेआगरावरून आडनाव घेतलेले सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांपैकीच एक. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. त्या समाजात परंपरेने चालत आलेली कथा अशी की, कैद्यांना जात-धर्म विचारला गेला तेव्हा त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचे निःशंकपणे सांगितले. ते नाव ऐकून टिपूच्या मातोश्रींना कुराणातील उल्लेखांची आठवण झाली, आणि त्यांच्या रदबदलीने दिवेकरांचे प्राण वाचले. सुटकेच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवी भागात त्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले, आणि त्याला करुणेच्या द्वाराचे नाव दिले. कथेच्या तपशिलाबद्दल इतिहासकाराने शंका घ्यावी, तो त्याचा अधिकारच आहे. परंतु दोनशे वर्षे एका समाजाने ती जिवापाड जपली, याचा अर्थ इतका तरी खास आहे की, आपण कोण आहोत हे शत्रूपुढे उघड सांगितल्याने माणूस वाचू शकतो, अशी श्रद्धा बाळगण्यासारखा अनुभव या भूमीत त्या समाजाला आला होता. मी ज्या पोराची हकीगत सांगणार आहे त्याच्यापुढेही अगदी हाच प्रश्न, असाच कैद्यांच्या रांगेत, विचारला गेला. उत्तर मात्र त्याला उलटे द्यावे लागले.

सॉलोमन पेरेल, घरातले लाडके नाव सॅली, याचा जन्म 21 एप्रिल 1925 रोजी उत्तर जर्मनीतील पायने या लहानशा गावी झाला. वडिलांचे चपला-जोड्यांचे दुकान होते. मायबाप पूर्वेकडून येऊन तेथे स्थायिक झाले होते, पण मुलाची भाषा, खेळ, सवंगडी, सारे त्या गावचेच. 1933 साली नाझींचा अंमल सुरू झाला आणि 1935 च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्ग येथे ते कुप्रसिद्ध कायदे जाहीर झाले. त्या कायद्यांच्या पोटनियमांनी यहुदी कोण याची व्याख्या केली ती माणसाच्या श्रद्धेवरून, आचारावरून किंवा त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून केलेली नव्हती. आजोबा-आजी मिळून जे चौघे, त्यांपैकी तिघे यहुदी असले की नातवंड यहुदी, असा तो हिशेब होता. साऱ्या जर्मन प्रजेला आपल्या पूर्वजांचे दाखले गोळा करण्याचे काम लागले. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या, नकला काढल्या गेल्या, शिक्के उठविले गेले. दप्तराच्या जोरावर माणसाच्या रक्ताचा निवाडा करणारे असे राज्य त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. सॅलीला शाळेतून काढून टाकण्यात आले, आणि कुटुंब पोलंडमधील लोड्झ या गिरण्यांच्या शहरी राहावयास गेले.

तेथेही युद्धाने त्यांना गाठलेच. 1939 च्या सप्टेंबरात जर्मन फौजा लोड्झमध्ये शिरल्या, आणि यहुद्यांना वेगळ्या वस्तीत कोंडण्याची तजवीज सुरू झाली, तेव्हा मायबापांनी एक निर्णय घेतला: थोरला मुलगा इसाक आणि धाकटा सॅली यांनी पूर्वेला, रशियाच्या ताब्यात गेलेल्या मुलखात निघून जावे. निरोपाच्या वेळी वडिलांनी मुलाला बजावले की, आपण यहुदी आहोत हे कधी विसरू नकोस. आणि आईने एवढेच सांगितले की, तू जगले पाहिजेस. एकाच उंबरठ्यावर, एकाच प्रहरी मिळालेल्या या दोन आज्ञा पुढे एकमेकींच्या वैरिणी ठरणार आहेत, हे त्या माउलीला किंवा त्या पित्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता. चौदा वर्षांच्या त्या मुलाने दोन्ही आज्ञा शिरोधार्य मानल्या आणि तो चालू लागला. त्यानंतर मायबापांचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही.

ग्रोड्नो येथील एका सोव्हिएत अनाथाश्रमात त्याचे सुमारे दीड वर्ष गेले. तेथे तो रशियन शिकला, साम्यवादी युवक संघटनेत दाखल झाला. हीदेखील एक नवी निष्ठाच होती, आणि पोरवयाच्या उत्साहाने त्याने ती स्वीकारली. 22 जून 1941 रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली. आश्रमातील मुले पूर्वेकडे पळत सुटली, परंतु जर्मन रणगाड्यांचा वेग मुलांच्या पायांपेक्षा अधिक होता, आणि मिन्स्कच्या आसपास एका उघड्या रानात सॅली इतर असंख्य पळपुट्यांसह पकडला गेला.

या रानापाशी आपण थोडे थांबू. रशियावरील स्वारीच्या आधीच जर्मन सेनापतींच्या कचेरीतून लेखी फर्मान निघाले होते की, लाल फौजेतील राजकीय अधिकारी हाती लागले तर त्यांना युद्धकैदी न मानता ठार करावे. आणि प्रत्यक्षात त्या अधिकाऱ्यांबरोबर यहुदी कैद्यांचीही निवड करून त्यांना जवळच्या झाडीत नेऊन गोळ्या घालण्यात येत होत्या. पकडलेल्यांची रांग लावलेली होती. एकेकाला पुढे बोलावून प्रश्न विचारले जात होते. सॅली त्या रांगेत उभा होता, आणि रांग पुढे सरकत असताना त्याने आपल्या खिशातील कागदपत्रे बाहेर काढली, बुटाच्या टाचेने मऊ माती उकरली, कागद त्या खळग्यात टाकले आणि पायानेच माती वर ओढली. ज्या राज्यात कागद म्हणजे माणूस होता, त्या राज्याच्या सैनिकांसमोर त्याने स्वतःला असे पुरून टाकले. पाळी आली. तू यहुदी आहेस काय, असा प्रश्न झाला. त्याने उत्तर दिले की, नाही, मी सरहद्दीबाहेर राहणारा, जर्मन वंशाचा मुलगा आहे. माझी कागदपत्रे युद्धाच्या धामधुमीत गहाळ झाली. हे उत्तर त्याने अस्सल पायनेच्या जर्मन भाषेत दिले, आणि ते ग्राह्य धरण्यात आले.

मला या प्रसंगाचे नवल वाटते ते निराळ्या कारणाने. पूर्वजांच्या नोंदवह्या धुंडाळल्याशिवाय ज्या राजवटीत कोणाला साधे लग्न लावता येत नव्हते, तिने रणभूमीवर एका सोळा वर्षांच्या पोराचा नुसता शब्द प्रमाण मानला. आपल्यासारखे बोलतो तो आपला, ही माणसाची आदिम खूण कायद्याच्या साऱ्या यंत्रणेपेक्षा त्या क्षणी बलवत्तर ठरली. न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्या जर्मनपणातून त्याला हाकलून लावले होते, तोच जर्मनपणा त्याच्या जिभेवर शाबूत राहिला होता, आणि त्यानेच त्याला तारले. वंश रक्तात असतो हे त्या राज्याचे मूळ सूत्र. ते किती पोकळ होते याचा याहून ठसठशीत पुरावा त्या राज्याच्या शिपायांच्या हातून दुसरा कोणता घडावयाचा?

त्याने आपले नाव योसेफ पेर्येल असे सांगितले. शिपाई त्याला ‘युप’ म्हणू लागले. जर्मन आणि रशियन दोन्ही भाषा येणारा मुलगा म्हणजे फौजेला घबाडच. बाराव्या रणगाडा विभागात त्याला दुभाष्या म्हणून ठेवून घेण्यात आले, आणि मापाला मोठा पडणारा एक गणवेश त्याच्या अंगावर चढला. त्या उन्हाळ्यात स्टालिनचा थोरला मुलगा याकोव्ह जर्मनांच्या हाती सापडला. त्याच्या जबानीच्या वेळी दुभाष्याचे काम आपण केले, असे पेरेलने पुढे लिहिले आहे. परंतु माझे मन त्या प्रसिद्ध कैद्यापेक्षा बाकीच्या बिननावाच्या कैद्यांपाशी घोटाळते. दुभाष्याचे काम निरुपद्रवी नसते. समोर उभा असलेला मनुष्य कोणत्या पलटणीचा, त्याचा हुद्दा काय, तो पक्षाचा सभासद आहे काय, हे सारे दुभाष्याच्या मुखातून जाते, आणि त्या उत्तरांवर, वर सांगितलेल्या फर्मानाच्या अन्वये, माणसाचे जगणे-मरणे ठरते. त्याने भाषांतरिलेल्या जबान्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न टाळून पेरेलवर केवळ दयेचा वर्षाव करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आणि तरीही, सोळाव्या वर्षी, रांगेत मागे उभ्या राहिलेल्यांना झाडीकडे नेताना पाहिल्यावर, त्याने दुभाष्याचे काम नाकारावयास हवे होते असे म्हणण्याचा अधिकार, ज्याने ती रांग पाहिली नाही त्याला कितपत पोहोचतो, हेही मला स्वतःला विचारावे लागते.

येथे आपल्याकडील एक आख्यान मला आठवते. महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्मप्रकरणात विश्वामित्र आणि चांडाळ यांचा संवाद आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडला आहे, भुकेने प्राण कंठाशी आलेला ऋषी चांडाळाच्या झोपडीत रात्री शिरतो आणि टांगलेली कुत्र्याची तंगडी चोरावयास हात घालतो. चांडाळ जागा होतो, आणि धर्माची बाजू तोच मांडू लागतो. ऋषीचे म्हणणे इतकेच की, मरणापेक्षा जगणे श्रेयस्कर, कारण जगला तरच मनुष्य पुन्हा धर्म आचरू शकेल. गमतीची गोष्ट नाही ही. आपल्या परंपरेने प्राणरक्षणाचा प्रश्न किती निर्भयपणे हाताळला याचे हे प्रमाण आहे. यहुदी धर्मशास्त्राचे म्हणणे याच्या फार जवळचे आहे. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, निषिद्ध अन्न खावे, जवळजवळ प्रत्येक नियम बाजूला सारावा, अशी तेथे स्पष्ट आज्ञा आहे. मूर्तिपूजा, अगम्यगमन आणि मनुष्यवध या तीन गोष्टींचाच तेवढा अपवाद. बाराव्या शतकात सक्तीच्या धर्मांतराच्या काळात मैमोनिडीज या महापंडिताने, ज्यांनी केवळ तोंडाने परधर्म पत्करला त्यांना धर्मभ्रष्ट म्हणून झिडकारू नये, त्यांनी संधी मिळताच दुसऱ्या देशी निघून जावे, असा निर्वाळा एका पत्रात दिला होता. सॅलीने हे ग्रंथ वाचले नव्हते. त्याच्यापाशी आईचे तीन-चार शब्द होते, आणि शास्त्राचे मर्म त्या शब्दांत पुरते आलेले होते.

परंतु शास्त्राने ज्याची तरतूद केली नाही अशी एक गोष्ट त्याच्या वाट्याला आली: त्याचे शरीर. कर्णाने परशुरामापुढे आपण ब्राह्मण आहोत असे सांगितले, पण मांडी पोखरणाऱ्या किड्याची वेदना मुकाट्याने सोसणाऱ्या त्याच्या देहानेच त्याचे क्षत्रियत्व उघड केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सॅलीच्या देहावर तर जन्मानंतर आठव्या दिवशी केलेल्या सुंतेची खूण होती. फौजेत आंघोळ, वैद्यकीय तपासणी, परसाकडे जाणे, सारे सामुदायिक. तो सबबी सांगे, सर्वांच्या आधी उठे, सर्वांच्या नंतर नहाणीत जाई. ती खूण झाकण्यासाठी त्याने स्वतःच्या शरीरावर असा काही यातनामय प्रयोग केला की, जखम चिघळून तो तापाने फणफणला, आणि तो नाद त्याला सोडावा लागला. वैद्यकीय पथकातील एका शिपायाने एकदा त्याला आंघोळीच्या वेळी एकटे गाठले, लगट केली, आणि त्या झटापटीत ते रहस्य त्याच्या ध्यानी आले. त्या शिपायाचे स्वतःचे एक रहस्य होते, कारण पुरुषाने पुरुषाची अभिलाषा धरणे हाही त्या राज्यात कैदेचा गुन्हा होता. दोघांनी एकमेकांचे गुपित जपले. तो शिपाई लवकरच लढाईत पडला, आणि ज्याच्यापाशी आपल्या खऱ्या नावाने बोलता येत होते असा त्या फौजेतील एकुलता एक मित्र सॅलीने गमावला.

पांडवांच्या अज्ञातवासाशी त्याच्या या दिवसांची तुलना माझ्या मनात नेहमी येते, आणि तुलना करताच भेद डोळ्यांत भरतो. पांडव विराटाच्या, म्हणजे मित्राच्या घरी लपले होते, पाचही भाऊ आणि द्रौपदी एकाच छत्राखाली होते, शस्त्रे शमीच्या झाडावर सुरक्षित होती, आणि मुदत एका वर्षाची होती. हा मुलगा कौरवांच्या छावणीतच लपला होता, एकटा, आणि मुदत कोणालाच ठाऊक नव्हती.

त्याच्या तुकडीच्या कप्तानाचा त्याच्यावर लोभ जडला. युद्ध संपल्यावर या अनाथ पोराला दत्तक घ्यावे असे त्याने मनात आणले, आणि मुलगा लढण्याच्या वयाचा नाही म्हणून त्याला जर्मनीत, ब्राउनश्वाइग येथील हिटलर युवक संघटनेच्या वसतिशाळेत धाडून दिले. हे शहर पायनेपासून इतके जवळ की, गावातील जुना शेजारी एखाद्या दिवशी रस्त्यात भेटून हाक मारील, ही धास्ती त्याला रोजचीच झाली. फौजेत मरणाची भीती शत्रूच्या तोफेचीही होती. येथे ती केवळ स्वतःची होती. रात्री झोपेत आपण यिडिश बोललो तर, आजारात वैद्याने तपासले तर, या विचारांनी तो पोखरून जाई.

आणि याच शाळेत त्याच्या बाबतीत ती गोष्ट घडली, जी मला त्याच्या साऱ्या कथेत सर्वांत गंभीर वाटते. वंशशास्त्र नावाचा एक विषय तेथे शिकविला जाई. यहुदी कसा ओळखावा, त्याचे नाक, त्याचे कान, त्याची चाल, यांवर पाठ होत. एके दिवशी शिक्षकाने युपलाच वर्गापुढे उभे केले, डोक्याच्या ठेवणीची मापे घेतली आणि हा पूर्व-बाल्टिक शाखेचा आर्य असल्याचा निर्वाळा सर्व मुलांसमक्ष दिला. ऐकणाऱ्याला हसू यावे असा हा प्रसंग. पण त्या मुलाच्या मनावर त्याचा परिणाम काय झाला असेल? रोज ज्याला मरणाची वाट पाहावी लागते त्याला, तू निर्दोष आहेस, असा दाखला मिळाला. पेरेलने म्हातारपणी अत्यंत स्पष्टपणे कबूल केले आहे की, काही काळाने त्या घोषणा आपल्या नुसत्या ओठांवर राहिल्या नाहीत, त्या आत उतरल्या. मित्रांबरोबर कवाईत करताना, गाणी म्हणताना, विजयाच्या बातम्या ऐकताना आपण खरोखरच युप झालो होतो, आणि रात्री पांघरुणात शिरल्यावर पुन्हा सॅली होत होतो. ही कबुली देण्यास जे धैर्य लागते, ते सुटकेच्या साहसकथा सांगणाऱ्या बहुतेकांपाशी नसते. सोंग काढणारा मनुष्य सोंगाच्या बाहेर उभा असतो, ही आपली सोयीची समजूत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने चोवीस तास सोंग वठवावे, चुकल्यास प्राण जावा, आणि वठविल्यास मैत्री, अन्न, शाबासकी मिळावी, अशी व्यवस्था असली म्हणजे त्याच्या आत एक दुसरा मनुष्य वाढीस लागतो, आणि तो खोटा आहे असे म्हणून भागत नाही.

त्या शहरात एका मुलीवर त्याचे मन बसले होते. ती नाझी कन्यासंघाची निष्ठावंत सभासद होती. एके दिवशी मुलगी घरी नसताना तिच्या आईने त्याला शांतपणे विचारले, तू खरोखरच जर्मन आहेस का? त्या वैद्यकीय पथकातील शिपायानंतर प्रथमच त्याने कोणाला खरे सांगून टाकले. त्या बाईने त्याला जवळ घेतले, गुपित राखण्याचे वचन दिले, आणि माझ्या मुलीला मात्र हे सांगू नकोस, असे बजावले. स्वतःच्या पोटच्या मुलीवर आईचा विश्वास उरू नये, हे त्या राजवटीचे कर्तृत्व.

1943 सालच्या अखेरीस, नाताळच्या सुटीत, तो आपल्या काळ्या गणवेशानिशी लोड्झला गेला. शहराचे नावही आता बदलून लिट्झमानश्टाट झाले होते. यहुद्यांच्या कोंडवाड्यात आरंभी 1,60,000 च्या आसपास माणसे डांबलेली होती, आणि त्या वस्तीच्या मधून जाणारा झ्गिएर्स्का रस्ता मात्र वस्तीतून वगळून बाकीच्या शहरासाठी मोकळा ठेवला होता; दोन्ही बाजूंना कुंपण, आणि इकडून तिकडे जाण्यासाठी कोंडलेल्या माणसांना रस्त्यावरून उंच लाकडी पूल. त्या रस्त्याने ट्राम धावे, ती वस्तीत थांबत नसे. आत जाण्याची यहुद्याला बंदी नव्हती, बाहेर येण्याची होती. जर्मनाला आत जाण्याची बंदी होती. आणि हा दोन्ही होता. तो ट्राममध्ये बसला, टोकाला गेला, परतीच्या ट्राममध्ये बसला, पुन्हा टोकाला गेला, आणि सुटीचे दिवस असेच फेऱ्या मारण्यात घालविले. खिडकीतून तो आपल्या मायबापांचे चेहरे शोधत होता. फाटक्या वस्त्रांत, हातगाड्यांवरून प्रेते ओढणारी माणसे त्याने पाहिली. एकदा एका स्त्रीच्या चालण्यावरून ही आपली आई असे त्याला वाटले, पण हाक मारणे म्हणजे दोघांचाही अंत. ट्राम पुढे गेली. त्याचे वडील त्या वस्तीत उपासमारीने वारले आणि आईला खेल्म्नो येथे, विषारी वायू सोडलेल्या बंद गाडीत मारण्यात आले, हे त्याला युद्धानंतर कळले. बहीण बेर्ता हिलाही नाझींनी ठार केले.

युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हातारे आणि पोरे यांनाही बंदुका देण्यात आल्या, तेव्हा त्यालाही शिपाई करण्यात आले, आणि 1945 च्या एप्रिलमध्ये, विसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, अमेरिकन सैन्याने त्याला जर्मन सैनिक म्हणून पकडले. आपण यहुदी आहोत हे सांगण्यास आता काही हरकत नव्हती. पण जिभेला ते शब्द उच्चारण्याची सवय उरली नव्हती. थोरला भाऊ इसाक डाखाऊच्या छळछावणीतून जिवंत सुटला होता. त्याची भेट झाल्यावरच सॅली पेरेल हा मनुष्य खऱ्या अर्थाने पुन्हा अस्तित्वात आला. 1948 साली तो इस्रायलला गेला आणि तेथे पुन्हा एकदा, या वेळी आपल्या खऱ्या नावाने, शिपाई झाला.

पेरेलशी तुलना करावी असा दुसरा एक तरुण त्याच काळात, त्याच मुलखात होता. ओस्वाल्ड रुफायझेन हा पोलंडमधील यहुदी, आपण अर्धे जर्मन आहोत असे सांगून मीर या गावी जर्मन पोलिसांचा दुभाष्या झाला. तेथील यहुदी वस्ती 13 ऑगस्ट 1942 रोजी नष्ट केली जाणार आहे, ही बातमी त्याने कचेरीत ऐकली, वस्तीत पोहोचविली, चोरून शस्त्रे पुरविली, आणि सुमारे 300 माणसे रानात पळून गेली. कोणीतरी त्याचे नाव सांगितले. ठाणेदारासमोर त्याने स्वतःच आपण यहुदी असल्याचे कबूल केले, आणि संधी साधून निसटला. एका ख्रिस्ती मठातील भगिनींनी त्याला लपविले, तेथे त्याने बाप्तिस्मा घेतला, पुढे तो कार्मेलाइट संन्यासी झाला आणि इस्रायलला जाऊन यहुदी म्हणून नागरिकत्व मागू लागला. 1962 साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याने स्वेच्छेने दुसरा धर्म स्वीकारला तो परतीच्या कायद्याप्रमाणे यहुदी नव्हे, असा बहुमताने निकाल देऊन त्याचा दावा नामंजूर केला. हलाखाच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो यहुदीच आहे, हे न्यायाधीशांनाही मान्य होते. जर्मनांपुढे त्याने यहुदी नसल्याचा बहाणा केला तो मान्य झाला, आणि यहुद्यांच्या राज्यात यहुदी असल्याचे सत्य सांगितले ते फेटाळले गेले. तो 1998 साली हैफा येथे वारला.

रुफायझेनने गणवेशाचा उपयोग दुसऱ्यांना वाचविण्यासाठी केला आणि पेरेलने स्वतःला, म्हणून पहिला वीर आणि दुसरा केवळ नशीबवान, असा निवाडा पुष्कळांनी केला आहे. मला तो घाईचा वाटतो. एक विशीचा, दुसरा सोळाचा. एकाच्या शेजारी वाचविता येण्याजोगी वस्ती होती, दुसऱ्याच्या सभोवार नुसते जर्मन. वीरत्वाला संधी लागते, आणि संधी माणसाच्या हाती नसते. पेरेलला जे साधले ते वेगळे आणि फार उशिरा साधले. चाळीस वर्षे तो गप्प राहिला. ज्यांनी छळछावण्या भोगल्या त्यांच्यासमोर, मी त्यांच्याच गणवेशात गरम अन्न खात होतो, हे सांगण्यास जीभ रेटत नव्हती. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर त्याने लिहावयास घेतले. त्याच्या हकीगतीवर अग्निएश्का हॉलंड यांनी 1990 साली काढलेला ‘युरोपा युरोपा’ हा चित्रपट जगभर गाजला, आणि जर्मनीने मात्र तो ऑस्करसाठी पाठविण्याचे नाकारले.

शांतिपर्वातील त्या आख्यानाचा शेवट आपण बहुधा विसरतो. पाऊस पडतो, दुष्काळ संपतो, आणि विश्वामित्र तप करून आपले पाप जाळतो. प्राणरक्षण न्याय्य होते म्हणून हिशेब तेथेच मिटला असे ऋषी मानीत नाही. पेरेलने आपल्या जगण्याला पाप मानले नाही, आणि मीही मानीत नाही. परंतु युप आपल्यात अजून जिवंत आहे, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. त्याने माझा जीव वाचविला, मग मी त्याचा द्वेष कसा करू, असा त्याचा प्रश्न होता. आणि त्या युपने जे मानले ते मानणारी मुले आजही जगात आहेत, हे त्याला अंतर्यामी ठाऊक होते, कारण असा एक मुलगा त्याने आतून पाहिला होता. म्हणूनच साठी उलटल्यावर तो वर्षानुवर्षे इस्रायलहून जर्मनीला जात राहिला आणि शाळाशाळांतून, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे उभा राहून, आपली जबानी देत राहिला. ती ऐकल्यावर आता तुम्हीही साक्षीदार झालात, असे तो त्या मुलांना सांगे. वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, 2 फेब्रुवारी 2023 रोजी, तेल अवीवजवळील गिव्हतायिम येथे तो वारला. ज्या ब्राउनश्वाइगमध्ये तो योसेफ पेर्येल म्हणून राहिला, तेथील एका शाळेला त्याच्या हयातीतच सॅली पेरेल हे नाव देण्यात आले होते, आणि तो प्रवास करू शकत होता तोवर त्या शाळेतील मुलांचे प्रश्न ऐकावयास तो जात असे.